न दिसणारं मलम

मास्तरांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पट्टे होते. एक काळा, एक उजळ, मग पुन्हा एक काळा. नव्या माणसाला वाटायचं, हात भाजलाय. कुणी विचारलंच तर मास्तर बाही आणखी वर सारून हात पुढे करत आणि म्हणत, "हात नाही तो, वही आहे. वाचता येत असेल तर वाचा."

दुपारी जेवण उरकलं की ते गाळ्याच्या गच्चीवर जात. तिथे एक रिकामा ड्रम पालथा घालून ठेवलेला असे. त्यावर ते काळी छत्री उघडून बसत आणि डावा हात तेवढा छत्रीबाहेर उन्हात ठेवत. हातावर चिकटपट्टीने चौकोन आखलेले असत आणि प्रत्येक चौकोनात वेगळं मलम चोपडलेलं. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकची बटणं बनत. तिथले कामगार विडी ओढायला वर आले की हा प्रकार बघून हसत. मास्तरांचं लक्ष घड्याळाकडे. अर्धा तास झाला की खाली येऊन हात धुवायचा आणि संध्याकाळी कुठला चौकोन किती लाल झाला ते लिहून ठेवायचं.

मी बीएस्सी होऊन त्या कारखान्यात लागले ते नव्वदीच्या शेवटच्या वर्षांत. वसई पूर्वेला गाळ्यांच्या रांगा होत्या, त्यातल्या एकात आमचा कारखाना. कोल्ड क्रीम, टाल्कम पावडर, मेंदी, सणावाराला उटणं. पॅकिंगला सात-आठ बायका, मिक्सरवर दोघे जण, आणि केमिस्ट म्हणून मास्तर. मी त्यांच्या हाताखाली तपासणीला. तयार मालाचा नमुना घ्यायचा, ब्युरेट लावून त्यातले घटक मोजायचे आणि बॅचच्या कागदावर सही करायची. माझी सही झाल्याशिवाय माल पॅकिंगला जात नसे. बाविसाव्या वर्षी आपल्या सहीला एवढी किंमत आहे याचं मला फार अप्रूप वाटायचं.

मास्तर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. पूर्वी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते, म्हणून सगळे मास्तर म्हणत. ती नोकरी का सुटली हे कुणाला नीट माहीत नव्हतं. ते स्वतः सांगत, "प्रयोग संपले आणि प्रात्यक्षिकं उरली, म्हणून सोडली."

रस्त्याने ते कधी सरळ चालले नाहीत. सकाळी ज्या बाजूला सावली त्या बाजूने येत आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने जात. मध्ये उघडं मैदान लागलं तर त्याला वळसा घालून कुंपणाकडेने. सूर्याला ते नावाने हाक मारत नसत, 'तो' म्हणत, एखाद्या खाष्ट घरमालकाबद्दल बोलावं तसं. "तो आज तापलाय." "तो ढगामागे आहे म्हणून फसू नका." वॉचमनच्या मानेकडे बघून एकदा म्हणाले, "टॉवेल टाकत जा रे मानेवर. तू विसरशील, कातडी विसरत नाही." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करताना तेच म्हणायचो.

मी आगाशीची. आमची केळीची वाडी होती, बांधावर कोरफड माजलेली, आणि मागे ओढ्याकाठी करंजाची झाडं. हे कळल्यावर मास्तरांनी मला पुरवठादारच करून टाकलं. आज कोरफडीची दहा पानं आण, उद्या करंजाच्या शेंगा आण. त्यांचं म्हणणं होतं की झाड दिवसभर उन्हात उभं असतं आणि भाजत नाही, म्हणजे त्याच्या अंगात काहीतरी असणार. करंजाच्या तेलात ऊन अडवायचा गुण आहे हे त्यांनी स्वतःच्या हातावर ताडून पाहिलं होतं. पण त्या तेलाचा कडवट वास गाळाभर पसरे. पॅकिंगच्या बायका ओढणी नाकाला लावून बसत. मी आणलेल्या पिशव्या बघून आमचे बाबा एकदा म्हणाले, "हे तुमचे मास्तर वैद्य आहेत की रंगारी?"

मी ते मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन्ही नाही. घरामी आहे म्हणावं. छप्पर शाकारतोय."

कुणासाठी, ते मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ते तापाने आजारी पडले आणि काही कागदांवर त्यांची सही हवी म्हणून शेठनी मला त्यांच्या घरी पाठवलं. घर वसईतल्या होळी भागात, मागे भाजीचे वाफे असलेली लहान जागा. मी आत गेले तर भर सकाळी सगळ्या खिडक्यांना जाड पडदे. डोळे सरावल्यावर दिसलं, खाली चटईवर एक बाई पालकाच्या जुड्या बांधत होती. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि कातडी गुलाबी, बारक्या बाळासारखी. वय चाळिशीचं असेल. ती मास्तरांची धाकटी बहीण. ते तिला बाय म्हणत.

अशा माणसाला आपल्याकडे सूर्यमुखी म्हणतात. ज्याला सूर्यासमोर उभं राहता येत नाही, त्यालाच हे नाव कुणी दिलं कोण जाणे.

"आगाशीची ती तूच का?" डोळे बारीक करून माझ्याकडे बघत ती म्हणाली. "तुझ्या वाडीतली कोरफड रोज माझ्या तोंडाला लागते. चहा घेशील ना?"

ती खूप बोलायची. शाळा चौथीत सुटली, कारण फळ्यावरचं दिसत नसे आणि शाळेच्या वाटेवर चेहरा सोलून निघे. मग घरातच राहिली. भाजी उजाडायच्या आत खुडायची, मग दिवसभर आत. मास्तरांनी तिच्यासाठी जस्ताच्या भस्माचं, म्हणजे झिंक ऑक्साइडचं, घट्ट मलम केलं होतं. त्याने ऊन अडायचं, पण ते चुन्यासारखं पांढरं दिसे.

"आधीच मी ही अशी," ती म्हणाली. "त्यात ते फासून निघाले की पोरं मागे लागतात. त्यापेक्षा पडदे बरे."

मी निघताना तिने विचारलं, "बाजारात दुपारी गर्दी असते का गं? मला एकदा भर दुपारी बाजारात जायचंय. घ्यायचं काही नाही. नुसतं जाऊन यायचं."

आतल्या खोलीतून मास्तर खोकले. ते जागेच होते.

तेच पांढरं मलम घेऊन मास्तर मला एकदा नायगावच्या बाजूच्या मिठागरांवर घेऊन गेले होते. फेब्रुवारी-मार्चचे दिवस. खाली मीठ चमकतंय, वरून ऊन, म्हणजे माणूस दोन्हीकडून भाजतो. तिथल्या बायकांचे चेहरे आणि पोटऱ्या कोळपलेल्या होत्या. जनीबाय नावाच्या एका बाईने मास्तरांच्या आग्रहाखातर तोंडाला मलम लावलं. बाकीच्या तिच्याकडे बघून हसायला लागल्या. तिने हातानेच ते पुसून टाकलं.

"मास्तर, अख्खा दिस मिठात काढायचा, आनि तोंडाला बी मीठच फासायचा का?" ती म्हणाली. "भुतावानी दिसतो आमी."

परतीच्या बसमध्ये मास्तर एकदम म्हणाले, "तिचं चुकलं नाही. माणूस भाजलेला चालेल, पण हसू झालेलं चालत नाही. हे मलम दिसताच कामा नये."

दोन हजार साल उलटल्यावर आमच्या धंद्यातल्या मासिकांत 'नॅनो' हा शब्द दिसायला लागला. मास्तरांनी मला तो जेवणाच्या डब्यातल्या भाकरीवर समजावला. "पीठ बारीक दळलं की जास्त पांढरं दिसतं, बरोबर? पण समज, दळत गेलो, दळत गेलो, इतकं बारीक केलं की उजेडाला तो कण सापडेचना. मग तो पांढरा कसा दिसणार? उजेड सरळ निघून जाईल. पण उन्हातलं जे भाजणारं असतं ना, त्याला मात्र तो अडवेल."

घरी त्यांनी ते स्वतः करून पाहायचा हट्ट धरला. कोरफडीच्या रसात जस्ताचं मीठ उकळायचं, गाळायचं, जो गाळ राहील तो मुशीत भाजायचा. वनस्पतीच्या रसाने कण बारीक राहतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. महिनोन्‌महिने रविवार त्यात गेले. कण किती बारीक झाला हे बघायला आमच्याकडे काहीच साधन नव्हतं. ओळखीने एका संस्थेत नमुना पाठवला, तर उत्तर आलं की काही कण बारीक आहेत, बाकी भरड. मास्तरांनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि खिशात ठेवून दिलं.

शेवटी एका पुरवठादाराकडून तयार नॅनो झिंकची लहान पिशवी आली. मास्तरांनी त्यात करंजाचं तेल आणि कोरफड घालून मलम केलं, या वेळी वासही काढून टाकला होता. माझ्या हाताच्या पालथ्या बाजूवर बोटभर लावलं आणि म्हणाले, "आता शोधून दाखव."

मला सापडलं नाही. मास्तर हसले. ते हसतात तेव्हा खालचा एक दात पडलेला दिसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शेठना मलमापेक्षा शब्द आवडला. ट्यूबवर हिरवं पान, त्यामागे सूर्य आणि वर मोठ्या अक्षरांत 'हर्बल नॅनो'. पहिल्या तीन बॅच मास्तरांच्या सूत्राने झाल्या, शंभर भागांत बारा भाग झिंक. मी स्वतः मोजून सही केली. त्यातल्या ट्यूबा मास्तरांनी जनीबायकडे नेऊन दिल्या. या वेळी कुणी हसलं नाही. बायकांनी आणखी मागितल्या.

आणि त्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी बाय बाजारात गेली. तिने मलाही बोलावलं होतं. हिरवी साडी, काळा चष्मा, अर्ध्या बाह्या. दुपारी बाराला आम्ही तिघं वसईच्या बाजारात शिरलो. मास्तर सवयीने सावलीसावलीने चालत होते, बाय रस्त्याच्या मधोमध. तिला लांबचं दिसत नसे, म्हणून ती प्रत्येक दुकानाशी जाऊन अगदी वाकून बघायची. सुकी मासळी, दोरखंड, स्टीलचे डबे. एका मुलाने तिच्याकडे टक लावून पाहिलं तेव्हा ती थांबली आणि चष्मा वर करून तिनेही त्याच्याकडे तितकंच टक लावून पाहिलं. बांगड्यांच्या दुकानात तिने हातभर बांगड्या घालून बघितल्या आणि परत दिल्या.

घरी आल्यावर मास्तरांनी भिंग घेऊन तिचे हात, मान, कान तपासले. कुठे लाली नव्हती. भिंग खाली ठेवून ते मागच्या दारी गेले आणि वाफ्यांकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. बाय मला हळूच म्हणाली, "दादा रडतोय. जाऊ नको तिकडे."

त्यानंतर घराचे पडदे उघडले. ती दुपारी भाजी काढायला वाफ्यात जाऊ लागली, स्वतः बाजारात जाऊन बसू लागली.

चौथ्या बॅचला शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. नॅनो झिंकचा माल वेळेवर येत नाही, ऑर्डरी तर अडून राहिल्यात, तेव्हा बाराऐवजी चार भाग टाकू. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे. माल आला की परत पूर्वीसारखं. आणि उलट जास्त पारदर्शक होईल, गिऱ्हाईक खूश. मास्तरांना उगाच सांगू नको, ते डोक्यात राख घालून घेतील."

मी मोजलं. चारच भरले. कागदावर बारा लिहून मी सही केली. मला कुणी धमकी दिली नव्हती. घरी कुणी आजारी नव्हतं. नोकरी घराजवळची होती आणि मला ती हवी होती, एवढंच कारण. दोन महिन्यांनंतरही चारच भाग राहिले, आणि मी सही करत राहिले.

मास्तरांनी ते पकडायला हवं होतं. पण त्यांचा डावा हात त्या वर्षी इसबाने भरला आणि डॉक्टरांनी त्यावर काहीही चोपडायला सक्त मनाई केली. गच्चीवरचा ड्रम तसाच पडून राहिला. शिवाय कागदावर माझी सही होती.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बायची मान लाल होते आहे. सोलते आहे. बॅच बरोबर आहे ना?"

मी ब्युरेट धूत होते. "हो," मी म्हटलं. "बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली. "मग तीच कमी लावते. काटकसर जात नाही तिची. ओरडलो काल तिला."

नंतर कळलं, ती त्यानंतर दर दोन तासांनी लावायची. बाजारात बसल्या बसल्या, टोपलीआडून. दादा ओरडतो म्हणून.

तिच्या कानामागे एक फोड आला. तो बरा होईना. कापून तपासलं तेव्हा कर्करोग निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, पण तोवर तो मानेतल्या गाठींत उतरला होता. पावसाळा संपत असताना ती गेली. मी भेटायला गेले तर मास्तर मलाच समजावत होते. "डॉक्टर म्हणाले, हे एकदोन वर्षांचं नव्हे. लहानपणापासून साठलेलं असतं. उगाच मनाला लावून घेऊ नको." मी एवढी का रडते आहे ते त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टरांचं खरं असेल. मी पुढे बरंच वाचलं, तिथेही तसंच लिहिलेलं होतं. पण ती त्या दोन उन्हाळ्यांत पडदे उघडून बाहेर आली, ती आमच्या ट्यूबवर विसंबून, हेही तितकंच खरं.

तेराव्यानंतर मी पुन्हा होळीला गेले आणि सांगितलं. मास्तर जुडीच्या दोऱ्याचं रीळ गुंडाळत बसले होते.

त्यांनी रीळ खाली ठेवलं. "कुठल्या बॅचपासून?"

"चौथ्या."

"किती भाग?"

"चार."

"तू मोजले होतेस?"

"हो."

ते मनाशी काहीतरी हिशेब करत राहिले. ओठ हलत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी ओरडलो तेव्हा..." मी वाट पाहत होते की ते मला काहीतरी बोलतील. शेवटी ते उठले, शर्ट चढवला.

"मिठागरातल्या बायकांकडे त्याच ट्यूबा आहेत," ते म्हणाले. "चल."

मिठाचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे बायका घरीच सापडल्या. आम्ही दारोदार गेलो. प्रत्येक ओट्यापाशी उभं राहून मास्तर तेच सांगत. "मी दिलेलं मलम खोटं होतं. त्यात सांगितलं तेवढं औषध नव्हतं. लावू नका. लावून उन्हात बसलात तर भाजाल." कुणी ट्यूब आणून परत दिली, कुणी संपली म्हणाली, कुणाला मास्तर काय म्हणतात तेच कळलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या घरी मी पुढे होऊन म्हटलं, "सही माझी..."

मास्तरांनी इसबाने भरलेला हात आडवा धरला. "थांब. दोन गोष्टी सांगितल्या तर एकही लक्षात राहणार नाही. त्यांना मलमाचं कळू दे."

जनीबाय शेवटी भेटली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. ट्यूब अर्धी उरली होती, ती तिने मास्तरांच्या हातात ठेवली.

"मंग आता काय लावू?" तिने विचारलं.

मास्तर ट्यूबकडे बघत होते. "पदर घ्या तोंडावरून," ते म्हणाले. "बारा ते तीन उन्हात जाऊ नका."

"बारा ते तीन घरी बसले, तर मीठ कोन काढील, मास्तर?"

ती चिडून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. तिनेच मग पाणी देऊ का म्हणून विचारलं आणि आत जाऊन तांब्या भरून आणला.

बसथांब्यावर आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. मास्तरांच्या पिशवीत परत आलेल्या ट्यूबा होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली, महिन्याभराने मीही सोडली, आणि त्यानंतरची चार-पाच वर्षं ते होळीच्या घरात एकटेच राहिले, असं मला ऐकूनच माहीत. त्या संध्याकाळी बस आली. ते चढले, खिडकीशी बसले. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. शेजारची जागा रिकामी होती, पिशवी त्यांनी तिथे टेकवली होती, आणि मला बसता यावं म्हणून ती उचलून मांडीवर घेतली की तिथेच ठेवली, हे मला खालून दिसत नव्हतं.

मी पुढच्या बसने गेले.